टर्मिनेटर २ मधला पाऱ्याचा माणूस: संगणक किती आणि रबर किती?

झरोका
'टर्मिनेटर २: जजमेंट डे' १९९१ चा. त्यातला वितळणारा, आकार बदलणारा खलनायक यंत्रमानव टी-१००० आजही डोळ्यांना खटकत नाही. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी आलेल्या कितीतरी चित्रपटांतली संगणकी दृश्यं मात्र आता प्लास्टिकची वाटतात. हे कसं?

आणखी एक. पहिला भाग अगदी कमी पैशांत झाला होता. मग दुसऱ्या भागावर एवढा खर्च करायला कोणी कसं धजलं आणि त्या वेळी लोकांनी तो कसा घेतला? उत्तर तांत्रिक आणि लांबलचक असलं तरी चालेल, उलट तसंच हवं आहे.

अभ्रक
आधी आकडा सांगतो, कारण बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. चित्रपट २ तास १७ मिनिटांचा आहे आणि आयएलएम (इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक) या दृश्य परिणाम करणाऱ्या कंपनीने संगणकावर घडवलेला टी-१००० पडद्यावर सगळा मिळून जेमतेम पाच-सहा मिनिटं दिसतो. उरलेल्या वेळात तो एकतर ती भूमिका करणारा नट रॉबर्ट पॅट्रिक असतो, नाहीतर पुतळे आणि रंगभूषा करणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेतला रबराचा पुतळा.

आता तो जुना का वाटत नाही ते. त्या काळच्या संगणकाला त्वचा, केस, कापड जमत नव्हतं; गुळगुळीत, एकसंध, चकचकीत पृष्ठभाग जमत होता. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनला याचा अनुभव होता. त्याच्याच 'द अॅबिस' (१९८९) मधली पाण्याची सोंड आयएलएमने केली होती, तीही सव्वा मिनिटाच्या आसपासच. क्रोमचा माणूस हे पात्र त्या यंत्रांच्या ऐपतीत बरोब्बर बसणारं होतं. नंतरच्या अनेक चित्रपटांनी संगणकाकडून त्याला न झेपणाऱ्या गोष्टी करून घेतल्या आणि तिथेच ते उघडे पडले.

कामाचा क्रम साधारण असा होता. पॅट्रिकच्या अंगावर चौकटींचं जाळं रंगवून त्याला चालायला-धावायला लावलं आणि समोरून व बाजूने चित्रीकरण केलं. ते फ्रेमगणिक गिरवून संगणकातल्या सांगाड्याला तीच चाल दिली. म्हणून आगीतून चालत येणारी ती चंदेरी आकृतीसुद्धा त्याच्याच चालीने येते. शरीर अनेक वक्र तुकड्यांचं बनवलेलं होतं. अडचण ही की कोपर किंवा गुडघा वाकला की शेजारचे तुकडे सुटायचे आणि सांध्यावर फट दिसायची. त्यासाठी 'बॉडी सॉक' नावाचं साधन लिहिलं गेलं. ते प्रत्येक फ्रेमला तुकड्यांच्या कडा शिवून सांधा गुळगुळीत ठेवायचं.

दुसरं साधन 'मेक स्टिकी'. यात चित्रित केलेली फ्रेम त्रिमितीय पृष्ठभागावर प्रक्षेपित करून तिथे चिकटवून टाकायची. मग पृष्ठभाग ताणला, दाबला, की चित्रही त्याच्याबरोबर ताणलं जातं. मनोरुग्णालयातल्या गजांमधून तो आरपार जातो, तिथे हेच कामाला आलं. चेहरा पॅट्रिकचाच आहे, फक्त तो गजांभोवती मुरडणाऱ्या आकारावर चिकटवलेला आहे. आणि मग हातातली बंदूक गजाला अडकते. कॅमेरॉनची ही कल्पना फार मोलाची आहे. प्रेक्षक बंदुकीकडे पाहतो, ती खरी आहे, म्हणून आधीची दोन सेकंदंही खरी ठरतात.

प्रतिबिंबांबद्दल वेगळं लिहायला हवं. क्रोमला स्वतःचा रंग नसतो, तो फक्त आजूबाजूचं दाखवतो. प्रत्येक किरणाचा माग काढणं तेव्हा परवडणारं नव्हतं, म्हणून परिसराच्या प्रतिमा तयार करून त्या आकृतीवर प्रतिबिंब म्हणून चढवल्या जात. पिक्सारच्या रेंडरमॅन या चित्र तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे करता यायचं. इथे हमखास चूक होते ती अशी: दृश्यात आग डावीकडे भडकते आहे आणि अंगावरचं प्रतिबिंब जागच्या जागी थिजलेलं आहे. मग आकृती वरून चिकटवल्यासारखी दिसते, भले तिचा आकार निर्दोष असो.

तिसरी_घंटा
अभ्रक, उत्तम माहिती. थोडी भर घालते, कारण विन्स्टनच्या वाट्याचं श्रेय नेहमी संगणकाला जातं.

छातीवर गोळी लागून चंदेरी फूल उमलतं ना, त्या क्षणी पडद्यावर संगणक नसतो. फोम रबराचे फुलाच्या आकाराचे तुकडे, त्यांवर निर्वातात चढवलेला धातूचा मुलामा, ते मिटवून गणवेशाच्या आत बसवलेले आणि कापड तिथे आधीच चिरून कमकुवत केलेलं. खीळ सुटली की स्प्रिंगच्या जोराने फूल उघडतं. जखम बुजते तेव्हा संगणक येतो. उघडणं खरं आणि मिटणं संगणकी, आणि मध्ये कट किंवा अंगाची हालचाल. डोळ्याला एकाच तंत्राचा संशय घ्यायला वेळच मिळत नाही.

या पद्धतीतली डोकेदुखी म्हणजे मुलामा. रबर लवचिक असतं, धातूचा पातळ थर नसतो. दोन-चारदा दुमडलं की भेगा पडतात आणि खालचं रबर दिसू लागतं. त्यामुळे एकाच गोळीबारासाठी सुटे तुकडे भरपूर तयार ठेवावे लागतात. डोकं दुभंगलेला टी-१००० आणि शेवटी स्फोटाने पिळवटून निघालेला टी-१००० हेही पुतळेच.

आणि सर्वांत स्वस्त युक्ती: जुळी माणसं. रुग्णालयाच्या फरशीतून वर येऊन टी-१००० ज्या रखवालदाराचं रूप घेतो, ती भूमिका डॉन आणि डॅन स्टँटन या जुळ्या भावांनी केली. नायिका सारा झालेल्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण लेस्ली हिलाही काही प्रसंगांत वापरलं आहे. दोन सारा एकाच चौकटीत दिसतात तिथे पडदा विभागण्याची गरजच पडली नाही.

साराला पडणारं अणुस्फोटाचं स्वप्न स्कोटाक बंधूंच्या 'फोर-वॉर्ड प्रॉडक्शन्स'ने लहान प्रतिकृतींवर केलं. लॉस एंजेलिसच्या इमारती उडवायला हवेच्या तोफा वापरल्या. प्रतिकृती फोडताना ढेकळं मोठी पडली की खेळणं मोडल्यासारखं दिसतं. म्हणून तुकडा बारीक आणि हलका पडेल असं साहित्य निवडावं लागतं. इथे इमारतींच्या आत चक्क कुरकुरीत पापड्यांसारखे खाद्यपदार्थ भरले होते.

रीळबहाद्दर
झरोका, दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

पहिला भाग १९८४ चा, खर्च ६५ लाख डॉलरच्या आसपास. दुसऱ्याचा खर्च १० कोटी डॉलरच्या घरात गेला, म्हणजे तोवरचा सर्वांत महागडा चित्रपट. मध्ये सात वर्षं गेली, त्याचं एक कारण हक्क. ते हेमडेल कंपनी आणि निर्माती गेल अॅन हर्ड यांच्यात वाटलेले होते. कॅरोल्को कंपनीने ते विकत घेतले तेव्हा गाडी हलली. धाडस आंधळं नव्हतं. कॅरोल्कोची पद्धतच होती की चित्रपट पूर्ण होण्याआधी परदेशातले आणि व्हिडिओचे हक्क विकायचे. खर्चाचा मोठा वाटा त्यातूनच उभा राहिला. (कंपनी पुढे १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण त्याला या चित्रपटाचं अपयश कारण नव्हतं.)

खरी टंचाई वेळेची होती. चित्रीकरण ऑक्टोबर १९९० मध्ये सुरू झालं आणि प्रदर्शन ३ जुलै १९९१ ला. चित्रीकरण, संगणकाचं काम आणि संकलन एकमेकांवर चढूनच चाललं. त्यात साराच्या मुलाची, जॉनची भूमिका करणाऱ्या एडवर्ड फर्लाँगचा आवाज चित्रीकरणाच्या काळातच फुटला, मग संवाद पुन्हा मुद्रित करावे लागले. हेलिकॉप्टर पुलाखालून जातं ते खरंच गेलं आहे. वैमानिक चक टँबुरो. कॅमेऱ्यामागच्या मंडळींनी ते टिपायला नकार दिला, तेव्हा कॅमेरॉनने स्वतः कॅमेरा धरला. मोटारसायकलची कालव्यातली उडी मात्र तारांवर तोललेली आहे आणि तारा नंतर संगणकाने पुसल्या. संगणकाचा हा उपयोग कोणाच्या लक्षातही येत नाही, पण पुढच्या सगळ्या मारधाडपटांवर त्याचाच परिणाम जास्त झाला असं माझं मत आहे.

स्वागत: जगभरात सुमारे ५२ कोटी डॉलरची कमाई, त्या वर्षीचा सर्वाधिक गल्ला. ऑस्करला सहा नामांकनं आणि चार पुरस्कार: दृश्य परिणाम, रंगभूषा, ध्वनी, ध्वनिपरिणाम संकलन. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीतही त्याचा समावेश झाला.

प्रसिद्धीत एक मोठी चूक झाली आणि ती मनाला लागते. पटकथा अशी रचली आहे की सुरुवातीचा जवळजवळ अर्धा तास टर्मिनेटर झालेला श्वार्झनेगरच मारेकरी वाटावा आणि पोलिसाच्या वेशातला तो तरुण (म्हणजे टी-१०००) जॉनला वाचवायला आलेला वाटावा. मॉलमागच्या बोळात बंदूक रोखली जाते, श्वार्झनेगर जॉनला 'खाली वाक' म्हणतो आणि सगळं उलटतं. जाहिरातीने हे आधीच सांगून टाकलं. तो बोळ ज्यांना कोऱ्या मनाने पाहायला मिळाला ते प्रेक्षक थोडेच.

अभ्रक
ध्वनीचा उल्लेख राहिला. ध्वनिरचनाकार गॅरी रायडस्ट्रॉमने टी-१००० ला आवाज दिला तो स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी. पीठ-पाण्याच्या घट्ट मिश्रणात निरोध चढवलेला मायक्रोफोन बुडवायचा आणि आत दाबाची हवा सोडायची: रूप बदलतानाचा तो गच्च, बुडबुड्यांचा आवाज. गजांमधून जाताना ऐकू येतं ते डब्यातून हळूहळू निसटणारं कुत्र्याचं ओलं खाद्य. धातूच्या माणसाला धातूचा खणखणाट दिला असता तर तो द्रव वाटलाच नसता. चित्र सांगतं चकाकी, आवाज सांगतो घनता.

झरोका
तिघांचेही आभार. लांबवलेली आवृत्ती बघावी का? आणि त्यातला आरशाचा प्रसंग कसा केला आहे?

तिसरी_घंटा
कथेसाठी १३७ मिनिटांची मूळ आवृत्तीच बघा, तिची गती जास्त चांगली आहे. पण आरशाचा प्रसंग फक्त १९९३ च्या विशेष आवृत्तीत आहे. सारा टर्मिनेटरच्या डोक्यातली चिप काढते तो. तिथे आरसाच नाही. भिंतीला चौकोनी भोक आहे आणि पलीकडे तशीच दुसरी खोली उलटी मांडलेली आहे. अलीकडे श्वार्झनेगरचा पुतळा आणि त्याच्या डोक्यावर काम करणारी लेस्ली. पलीकडे, म्हणजे 'आरशात', खरा श्वार्झनेगर आणि लिंडा. कॅमेरा हलतो तरी त्याचं प्रतिबिंब दिसत नाही ते त्यामुळेच. बघताना दोघींच्या हातांवर नजर ठेवा. दोन बहिणींनी एकमेकींच्या लयीत हात चालवले आहेत, सगळी भिस्त त्यावरच आहे.