शब्दचर्चा: 'टेक्निकल डायरेक्टर'ला मराठीत काय म्हणावं?

अमळनेरकर
हौशी नाटकाच्या श्रेयनामावलीत 'टेक्निकल डायरेक्टर' या कामासाठी मराठी शब्द हवा आहे. 'तांत्रिक दिग्दर्शक' छापायला हात धजत नाही. गावाकडे 'तांत्रिक' म्हटलं की लोक मांत्रिक-तांत्रिकाचाच अर्थ घेतात. 'नेपथ्य' आणि 'रंगमंच व्यवस्था' या ओळी यादीत आधीपासून आहेत. मग या माणसाला काय म्हणायचं, आणि त्याचं काम या दोन ओळींपेक्षा खरंच वेगळं आहे का?

धुळेकर
ताई, खटकण्याचं मूळ शब्दाच्या घडणीत आहे. संगीत दिग्दर्शक, नृत्य दिग्दर्शक, कला दिग्दर्शक हे आपल्या कानावरचे शब्द पाहा. सगळीकडे पुढे नाम आहे: ज्या गोष्टीचं दिग्दर्शन, तिचं नाव. 'सांगीतिक दिग्दर्शक' कोणी म्हणत नाही. 'तांत्रिक' हे विशेषण थेट माणसाला चिकटतं, म्हणून माणूसच तांत्रिक वाटायला लागतो. तांत्रिक बिघाड, तांत्रिक तालीम हे ठीक, कारण तिथे ते वस्तूला किंवा कामाला लागतं. माणसासाठी 'तंत्र दिग्दर्शक' हवं.

'तंत्र' हा शब्द इथे उसना आणलेला नाही. मूळ धातू तन्, म्हणजे ताणणं. संस्कृतात तंत्राचा जुना अर्थ माग, मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे. आडवे धागे रंग आणि नक्षी दाखवतात, पण ते बसतात ताण्यावर. या कामाला यापेक्षा नेमका शब्द सुचवता येणार नाही.

भुसावळकर
शब्द पक्का करण्याआधी काम समोर ठेवू, म्हणजे शब्द त्याला पुरतो की नाही ते कळेल.

नेपथ्यकार कागदावर वाड्याची माडी काढतो: चार फूट उंच, बारा फूट लांब, आठ फूट खोल. ती कशी दिसावी हे त्याने ठरवलं. ती उभी कशी राहील, किती पैशांत होईल, किती वेळात लागेल, कुठल्या दारातून आत येईल, हे पुढचं सगळं तंत्र दिग्दर्शकाचं.

बारा बाय आठ म्हणजे ८ बाय ४ फुटांच्या तीन लेव्हल, म्हणजे उचलून जोडता येणारे लाकडी चौथरे. माणसं उभी राहणार, नाचणार, म्हणून दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरायचा. एका लेव्हलचं क्षेत्र जवळजवळ ३ चौरस मीटर, म्हणजे एका लेव्हलला दीड टन. आकडा फार वाटतो, पण समूहदृश्यात सगळे एका कोपऱ्यात दाटतात आणि एकदम उडी मारतात तेव्हा हाच आकडा कामाला येतो. वर १८-१९ मिलिमीटरची प्लाय, खाली चौकट, आणि चौकटीत दर दोन फुटांवर आडवी दांडी. दोन दांड्यांमधलं अंतर तीन-चार फुटांवर गेलं की प्लाय पायाखाली झोके खाते आणि पावलांचा ढोलासारखा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

चुकतं मात्र भलतीकडेच. अशी माडी सरळ वजनाने सहसा खचत नाही. ती आडवी हलते आणि मग लोळते. पाय जाड केले म्हणून हे थांबत नाही. पायांना लांबीच्या आणि रुंदीच्या, दोन्ही दिशांनी तिरप्या पट्ट्या लागतात. प्रेक्षकांच्या बाजूने पट्टी दिसते म्हणून ती काढायला सांगतात, आणि तिथेच घात होतो. दर्शनी बाजूला तिरपी पट्टी नको असेल तर तिथे अख्खी प्लाय ठोकावी. तीही तोच ताण घेते.

आता मागचा जिना. हा कागदावर कुणीच काढत नाही. चार फूट म्हणजे ४८ इंच. एक चढ सात इंचांच्या आत ठेवायचा तर सात चढ लागतात. सातवा चढ माडीवरच पोचतो, म्हणून पायऱ्या सहा. एका पायरीला दहा इंच धरले तर ६० इंच, म्हणजे विंगेत पाच फूट जागा. बऱ्याच ठिकाणी विंगेत तेवढी मोकळी जागा नसते. मग सुतार साडेनऊ-दहा इंचांचे पाच चढ करून देतो आणि नऊवारीतली नटी अंधारात तिथून उतरते. जिना बसत नसेल तर माडी चार फुटांची तीन करा, हे नेपथ्यकाराला चित्राच्या टप्प्यावरच सांगणं हे या पदाचं खरं काम. पायऱ्यांच्या कडेला पांढरी टेप आणि माडीच्या मागच्या उघड्या बाजूला कठडा, हेही त्याच्याच यादीत.

चोपडेकर
भाऊ, पण हे सगळं रंगमंच व्यवस्थापकच पाहतो ना? दोन पदं कशाला?

भुसावळकर
छोट्या संचात एकच माणूस दोन्ही करतो. हरकत नाही, पण कामं दोन आहेत. रंगमंच व्यवस्थापक तालमीपासून दिग्दर्शकाजवळ बसतो, हालचाली टिपतो, आणि तिसऱ्या घंटेनंतर प्रयोग चालवतो: कुठल्या वाक्याला दिवा, कुठल्या वाक्याला पडदा. तंत्र दिग्दर्शकाचं बहुतेक काम पहिली घंटा व्हायच्या आत संपलेलं असतं. नेपथ्याच्या चित्रावरून सुताराला कळतील असे मापांचे आराखडे, सामानाची यादी आणि खर्च, कोण कधी काय ठोकणार याचं वेळापत्रक, टांगलेल्या प्रत्येक वस्तूची तपासणी, आणि प्रयोगानंतर सेट उतरवून गाडीत भरणं. जे आधी उभं करायचं ते गाडीत शेवटी चढवायचं, आणि प्रत्येक फ्लॅटच्या, म्हणजे सेटच्या भिंतीच्या सपाट तुकड्याच्या, पाठीवर क्रमांक घालायचा. हा क्रम चुकला की पुढच्या गावी अख्खी गाडी रिकामी करून पहिला फ्लॅट शोधावा लागतो.

नंदुरबारकर
'सूत्रधार' या शब्दाचा विचार कोणी का करत नाही? संस्कृतात सूत्रधाराचा एक अर्थ सुतार, वास्तू उभारणारा असाही आहे. सूत म्हणजे मापाची दोरी. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृह आखायचं वर्णन आहे. मध्यम आकाराचा विकृष्ट (लांबट, आयताकृती) मंडप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. आखणीची दोरी मधेच तुटू नये म्हणून किती काळजी घ्यायची, तेही तिथे सांगितलं आहे. म्हणजे माप, दोरी आणि बांधणी सांभाळणारा माणूस आपल्याकडे नवीन नाही.

धुळेकर
मुद्दा मोलाचा, पण शब्द आता मोकळा राहिलेला नाही. व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत 'सूत्रधार' म्हणजे तारखा, नाट्यगृहं आणि पैशाचा व्यवहार सांभाळणारा, आणि संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला सूत्रधार म्हणजे नांदीनंतर येणारं पात्र. तिसरा अर्थ घातला तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

'नेपथ्य'चंही असंच झालं आहे. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' म्हणजे पडद्याआडून, आणि नेपथ्याचा अर्थ वेश आणि रंगभूषा असाही होता. मराठीत तो शब्द सरकत सरकत सेटवर येऊन स्थिरावला. आज 'नेपथ्य' म्हणजे सेटची कल्पना आणि 'नेपथ्य निर्माण' म्हणजे तो प्रत्यक्ष ठोकणं. तंत्र दिग्दर्शक या दोन ओळींच्या मधे उभा असतो. शिवाय दिवे, ध्वनी, टांगणी या बाकीच्या धाग्यांनाही तोच जोडतो, म्हणून त्याला 'नेपथ्य' या शब्दाखाली कोंबता येत नाही.

जळगावकर
दिव्यांच्या बाजूचं सांगतो, कारण 'तंत्र' म्हटलं की लोकांना फक्त तेच आठवतं.

प्रकाशयोजनाकार म्हणतो, १००० वॉटचे सोळा 'पार' जातीचे दिवे हवेत. सोळा किलोवॉट, २३० व्होल्टला जवळजवळ ७० अँपिअर. एका फेजवर हे घेता येत नाही. तीन फेजवर सहा-पाच-पाच असे वाटले तर सर्वांत जड फेजवर २६ अँपिअर येतात. ही वाटणी कागदावर लिहून वायरमनच्या हातात द्यायची, तोंडी सांगायची नाही. डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) अर्ध्यावर असतात तेव्हा तिन्ही फेजचा विस्कटलेला प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापत नाही, उलट साठतो. म्हणून न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक असली की तीच आधी तापते, आणि फ्यूज फेजवर असल्यामुळे तो उडत नाही. ध्वनीचा मिक्सर आणि डिमर शक्यतो वेगळ्या फेजवर ठेवावेत, आणि माइकच्या तारा दिव्यांच्या तारांना समांतर नेऊ नयेत. नाहीतर शांत प्रसंगात स्पीकरमधून गुरगुर येते. लांब केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून भार टाकला तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि वरचं आवरण वितळतं. पूर्ण उलगडूनच वापरावी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तापमान ४५ अंशांपर्यंत चढतं, तेव्हा तर हे पाळायलाच हवं.

टांगणीत आणखी एक चूक नेहमी दिसते. बार, म्हणजे दिवे लावायचा आडवा नळ, दोन तारांवर टांगताना वर जागा कमी म्हणून तारा फाकवतात. दोन तारांमधला कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येक तारेवर अर्धं नाही, पूर्ण वजन येतं. त्यापुढे आणखी वाढत जातं. कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तारेच्या टोकाला क्लिपा किमान तीन, आणि क्लिपेचा खोबणीचा भाग भार घेणाऱ्या तारेवर, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटं लावलं तर यू-बोल्ट भाराचीच तार चेंगरतो. प्रत्येक दिव्याला वेगळी सुरक्षा साखळीही हवी.

शब्दाचं म्हणाल तर मला 'तंत्रप्रमुख' जास्त पटतो. 'दिग्दर्शक' म्हटलं की त्याचा कलेशी संबंध लावतात आणि मग खऱ्या दिग्दर्शकाशी कुरबुर होते.

अमळनेरकर
आणि उघड्यावरचा रंगमंच? वैशाखात आमच्याकडे बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. तशा वाळूच्या जागेवर मंच उभारायचा तर काय बघायचं?

भुसावळकर
वाळूवर पाय थेट ठेवू नयेत. प्रत्येक पायाखाली किमान फूट-दीड फूट चौरस जाड फळी, आणि भार दिल्यावर पाणसळ पुन्हा लावून पाहायची, कारण पहिल्या तासात पाय खचतात. अर्थिंगचा दांडा कोरड्या वाळूत नुसता ठोकून उपयोग नाही. ओल लागेपर्यंत खाली न्यायचा आणि अर्थिंग नीट लागतं का ते मोजून पाहायचं.

खरा शत्रू वारा. मागे २० बाय १२ फुटांचा फ्लेक्स ताणला आणि ताशी ४० किलोमीटरचा वारा आला, तर त्यावर साधारण १७० किलोंचा धक्का बसतो. वारा दुप्पट झाला की धक्का चौपट. म्हणून फ्लेक्सऐवजी जाळीचं कापड घ्यावं, मागे ताणाच्या दोऱ्या बांधाव्यात, आणि किती वाऱ्याला पडदा उतरवायचा हे सकाळीच ठरवून लिहून ठेवावं. सायंकाळी वावटळ उठली की कोणी वाद घालत बसू नये. पडदे सुती असतील तर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात बुडवून वाळवता येतात. त्यातली एक चिंधी जाळून पाहावी, आणि धुतल्यावर पुन्हा बुडवावं, कारण ते पाण्याने निघून जातं. पॉलिस्टरला या उपायाचा उपयोग होत नाही.

धुळेकर
जळगावकर भाऊ, 'तंत्रप्रमुख'बद्दल. प्रमुख म्हणजे हाताखाली माणसं असलेला. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या आपल्या संघात हा माणूस बहुधा एकटाच असतो, आणि पद त्याच्या हाताखालच्या संख्येवरून ठरू नये. हा शब्द नाट्यगृहाच्या नोकरवर्गासाठी राखावा: जळगावचं संभाजीराजे नाट्यगृह किंवा धुळ्याचं शाहू नाट्यमंदिर अशा वास्तूची कायमची यंत्रणा सांभाळणारा, तो तंत्रप्रमुख. एका नाटकाची जबाबदारी घेणारा, तो तंत्र दिग्दर्शक. ही फाळणी उपयोगाची आहे. बाहेरचं नाटक आलं की या दोघांचंच बोलणं व्हायला हवं: दर्शनी कमानीची रुंदी, बारांची संख्या, सामान आत यायच्या दाराचं माप, वीजजोडणी किती अँपिअरची. बारा फुटी फ्लॅट आठ फुटी दारात अडतो तेव्हा हेच बोलणं राहिलेलं असतं. उपाय सोपा: फ्लॅट मधोमध बिजागरीवर दुमडता येईल असा करा, पण तो ठोकण्याआधी.

आणि कुरबुरीबद्दल: 'दिग्दर्शक' या शब्दात अधिकार येतो तो हवाच आहे. 'हा बार आज वापरायचा नाही' हे सांगितल्यावर त्यावर मतदान होता कामा नये.

चोपडेकर
दूरचित्रवाणीत टेक्निकल डायरेक्टर म्हणजे कॅमेरे बदलणारा, स्विचरवर बसणारा. तिथेही हाच शब्द चालेल का?

धुळेकर
नाही. तिथलं काम वेगळं, तिथे 'दृश्यजोडणी' किंवा सरळ 'स्विचर' म्हणा. नाटकाबाहेर हा शब्द ताणू नये.

अमळनेरकर
मग ओळी अशा छापते:
नेपथ्य
प्रकाशयोजना
पार्श्वसंगीत
तंत्र दिग्दर्शक
नेपथ्य निर्माण
रंगमंच व्यवस्था

भुसावळकर
क्रम बरोबर आहे, ताई. पण वरच्या तिन्ही ओळी कामाच्या आहेत आणि चौथी माणसाची. एकसारखेपणासाठी तिथे 'तंत्र दिग्दर्शन' करा. व्यक्तीचा उल्लेख करताना 'दिग्दर्शक'. 'नेपथ्य निर्माण'च्या ओळीत ठेकेदाराबरोबर सुतार आणि वायरमन यांचीही नावं द्या. जागा कमी पडली तर टाइप बारीक करा.