दातांना तार की अलाइनर? इंदूरच्या खाण्यापुढे मला तारच बरी वाटते

रामबागची आई
लेक १५ वर्षांची. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत. डॉक्टर म्हणाले, तार लावा नाहीतर अलाइनर (दातांवर बसणारे, एकामागून एक बदलायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे), दोन्हींनी होईल. तिला अलाइनरच हवेत, कारण ते फारसे दिसत नाहीत. माझं मत तारेकडे, आणि कारण पैशाचं नाही. डॉक्टरांनी ट्रे दिवसाचे २२ तास घालायला सांगितलेत. साध्या पाण्याखेरीज काहीही तोंडात घालायचं तर काढायचे. उरले दोन तास. आमच्याकडे सकाळी पोहे-जिलबी, शाळेत डबा, चारला चहा नि शेव, पाहुणे आले की रात्री सराफा, म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार. सराफ्यात उभ्या उभ्याच दीड तास जातो: भुट्ट्याचा कीस, दहीबडा, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. दर वेळी ट्रे काढायचे, चूळ भरायची, पुन्हा बसवायचे, हे पंधराव्या वर्षी कोण करणार? तार तोंडातच असते, आठवण ठेवावी लागत नाही.

लोकमान्यनगरकर
ताई, मला पटलं नाही. मी ३४व्या वर्षी अलाइनर लावले, चौदावा महिना चालू आहे. माझे पाच चहा होते, आता दोन, तेही जेवणालगत. ट्रे घालून चहा घेतला तर प्लास्टिक वाकतं, पिवळं पडतं आणि साखर दाताला चिकटून राहते, तिथे लाळ पोचत नाही. निगा अवघड नाही. काढल्याबरोबर गार पाण्याखाली धरायचे, मऊ ब्रश आणि पातळ साबणाने घासायचे. गरम पाणी कधीच नाही. टूथपेस्टही नको, ओरखडे पडतात. आणि डबी कायम जवळ हवी. छप्पन दुकान या खाऊगल्लीत मी ट्रे कागदी रुमालात गुंडाळला, तो प्लेटबरोबर कचऱ्यात गेला. डॉक्टरांनी आधीचा जोड घालून भेटायला बोलावलं, म्हणून जुना जोड फेकू नका.

तार लावून झालेला
तारेला आठवण लागत नाही, हे चूक. चिक्की खाताना माझा एक ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेला तुकडा, दोनदा निघाला. कडेकडेने नीट घासलं नाही, म्हणून तार निघाल्यावर दोन दातांवर पांढरे डाग राहिले, ते आजही आहेत. त्याहून वाईट म्हणजे मी रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, घालायचा कंटाळा केला आणि खालचे दात पुन्हा वाकडे झाले. काकू, रिटेनर तारेनंतरही लागतो, अलाइनरनंतरही. ट्रे विसरणारी मुलगी तोही विसरेल.

दातांची डॉक्टर, राजवाडा
दोन्ही बाजू सवयीवर भांडताहेत, पण आधी दात कोणता ते बघा. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरतं, मागे नवं भरतं, आणि त्यासाठी दाब सलग हवा. रोज चार-पाच तास ट्रे बाहेर राहिला की दात मागे पडतो, पुढचा ट्रे बसत नाही, कडेला फट दिसते. थोडी गर्दी असेल तर अलाइनर छान काम करतात. गोलसर सुळा किंवा उपदाढ बरीच फिरवायची असेल तर तारेची पकड जास्त. अलाइनरलाही दातांवर दाताच्याच रंगाचे उंचवटे चिकटवावे लागतात, म्हणजे ते अगदी अदृश्य नसतात.
आणखी एक, कळकळीने: घरी साचा घेऊन पोस्टाने ट्रे मागवू नका. अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा तिचे रुग्ण उपचार अर्धवट असताना अडकले. एक्स-रे काढून हिरड्या तपासणारा माणूस समोरच हवा.

लोकमान्यनगरकर
डॉक्टर, मान्य. पण पंधराव्या वर्षाला बेजबाबदार ठरवू नका. लाज वाटून वर्षभर तोंड मिटून हसणारी मुलगी ट्रे सांभाळते, माझी भाची सांभाळते आहे.

रामबागची आई
रिटेनरचं बोलणं मनाला लागलं. त्या दिवशीच लेकीच्या हातात वही दिली: आठवडाभर प्रत्येक खाणं, चहा, दात घासणं, मिनिटं मांड. शाळेच्या दिवशी पावणेदोन तास भरले, म्हणजे जमतंय. काल शनिवारी, सराफ्याला न जाताही, तीन तास दहा मिनिटं. मी अजून तारेकडेच आहे. ती म्हणते, "आई, अजून एक आठवडा दे."