डिचोली-साखळी: खाण आणि शाळा, तुमच्या घरात काय घडलं?

गोव्यातली डिचोली म्हटलं की बाहेरच्यांना लोहखनिजाच्या खाणीच आठवतात. पण त्याच वर्षांत आमच्या वाड्यांवर शाळाही आल्या. तुमच्या घरात ही दोन्ही कशी आली, ते लिहा. आधी माझं सांगतो.

आजोबा पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, मराठी शिकले. मास्तर सावंतवाडीकडचे, त्यांचा पगार घराघरांतून तांदूळ-नारळांत. सरकारी नोकरीला पोर्तुगीज लागायचं, म्हणून त्यांच्या थोरल्या भावाला 'सेगुंद ग्राव', म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शिक्षणाचा दुसरा टप्पा, करायला पाठवलं. आजोबांसाठी तेवढे पैसे उरले नाहीत. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या. भाऊसाहेब स्वतः खाणमालक. बाबा त्यांतल्याच एका शाळेत गेले. त्यांचं नाव पटावर चढलं त्या दिवशी आजोबांनी देवळात नारळ ठेवला.

*पिळगावहून*
माझे पप्पा बार्जवर होते. सारमानसच्या जेटीवर माल भरायचा आणि मांडवीतून मुरगावला न्यायचा. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी समुद्र खवळलेला, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरायचं. शाळेत नकाशा पुढे आला तेव्हा बाईंच्या आधी माझंच बोट त्या कालव्यावर गेलं होतं.

*शिरगावहून*
खाण खोल गेली आणि आमच्या विहिरी आटल्या. शाळेआधी आईबरोबर टँकरच्या रांगेत उभी राहायचे. खाणीमुळे शिकलो असं कुणी लिहिणार असेल, तर हेही लिहा.

*साखळीहून, निवृत्त शिक्षक*
ट्रक सुरू झाले की खिडक्या लावून शिकवायचो, तरी दुपारपर्यंत बाकांवर लाल थर. त्याहून जास्त सलायचं ते वेगळंच. दहावी झालेला हुशार मुलगा कॉलेज सोडून कर्जावर ट्रक घ्यायचा. माझ्या पगाराच्या कितीतरी पट कमवायचा, त्याला काय समजावणार? सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. त्यांतला एक घरी आला. दारात ट्रक उभा, बँकेचे हप्ते थकलेले. म्हणाला, "सर, आता बारावीचा फॉर्म भरता येईल का?" मी त्याच दिवशी त्याच्याबरोबर गेलो.

*डिचोली आयटीआयचा माजी विद्यार्थी*
डंपरची इंजिनं उघडत होतो, आता औषधांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. सर, त्या मुलाचं पुढे काय झालं?

*साखळीहून*
बारावी झाला. पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा ट्रक विकला.