सिंक्रोनेट: इकोमेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता भलत्याच नेटवर्कचा जातोय

बेसमेंट९६००:
नमस्कार मंडळी. एडिसनला (न्यू जर्सी) घराच्या बेसमेंटमध्ये रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सिंक्रोनेट, म्हणजे बीबीएस (लोक जोडून संदेश लिहितात-वाचतात तो फलक) चालवायचा प्रोग्राम, चालवतो. बीबीएसना एकमेकांशी जोडणाऱ्या फिडोनेट या नेटवर्कचा नोड (जोडलेलं केंद्र) दोन वर्षं सुरळीत आहे. गेल्या शनिवारी न्यूझीलंडहून चालणारं तसंच दुसरं नेटवर्क, एफएसएक्सनेट, जोडलं आणि तेव्हापासून अडकलोय. (खालचे नोड नंबर बदलून लिहिलेत.)

माझा फिडोचा पत्ता १:९९९/१०, एफएसएक्सचा २१:९/९०. एससीएफजीमध्ये (सिंक्रोनेटचा सेटिंग्जचा प्रोग्राम) सिस्टिम ॲड्रेसमध्ये दोन्ही घातलेत. हबच्या (टपाल पुढे वाटणारा मुख्य नोड) एरियाफिक्सला, म्हणजे एरिया जोडून देणाऱ्या प्रोग्रामला, नेटमेल (एकालाच जाणारं खासगी टपाल) टाकली, अर्ध्या तासात उत्तर आलं, पत्ता बरोबर होता. पण टेस्टच्या एरियात इकोमेल (सगळ्या नोडवर जाणारी जाहीर पोस्ट) लिहिली की तळाशी हे दिसतं:

* ओरिजिन: बेसमेंट बीबीएस (२१:९/९०) (१:९९९/१०)

पहिला कंस मी स्वतः टाइप केलेला, कारण नुसतं सोडलं तर १:९९९/१० येत होतं. तिथल्या एका सिसॉपने (बीबीएस चालवणाऱ्याने) माझ्या पोस्टला खासगी उत्तर द्यायला गेल्यावर नेटमेल निघालीच नाही, असं कळवलं. यादीत एफएसएक्सचा पत्ता वर आणून पाहिला, तर फिडोच्या एरियात नवी गल्लत होईल अशी भीती वाटली, म्हणून परत खाली नेला. दोन रात्री गेल्या यात.

पॅकेटताई:
दादा, वर आणला नाहीत ते उत्तम केलंत. यादीतला पहिला पत्ता हा मुख्य पत्ता, त्याला हात लावू नका.

नेटमेल नीट जाते आणि इकोमेल नाही, यातच उत्तर आहे. नेटमेल कुणाला तरी जाते. समोरचा झोन २१ मधला (पत्त्यातला पहिला आकडा म्हणजे झोन) दिसला की प्रोग्राम तुमच्या यादीतून झोन २१ चा पत्ता उचलतो. इकोमेल मात्र सगळ्यांसाठी असते, समोर नोडच नाही. मग झोन बघणार कुणाचा? म्हणून प्रत्येक एरियाला तिचा पत्ता आपणच सांगून ठेवायचा. तुम्ही सांगितला नाहीत, म्हणून मुख्य पत्ता लागला.

एससीएफजी, मेसेज एरियाज, तुमचा एफएसएक्सचा ग्रुप, त्यातला पहिला सब-बोर्ड (म्हणजे एकेक एरिया), नेटवर्क ऑप्शन्स. तिथे फिडोनेट ॲड्रेस २१:९/९० करा. हा पत्ता ओरिजिन ओळीत आणि एमएसजीआयडीतही (संदेशाची ओळखखूण) जातो. ओरिजिनमधला हाताने लिहिलेला कंस आधी काढा, तो कंस प्रोग्राम स्वतः जोडतो.

बेसमेंट९६००:
ताई, पण ग्रुपमध्ये तीस-एक सब-बोर्ड आहेत. प्रत्येकात जाऊन बदलायचं?

पॅकेटताई:
नाही हो. ग्रुपच्या मेनूत क्लोन ऑप्शन्स आहे. पहिल्या सब-बोर्डची सेटिंग्ज ग्रुपमधल्या बाकी सगळ्यांवर उतरतात. सगळी उतरतात, पत्ता एकटा नाही. तेव्हा एखाद्या एरियावर वेगळी बंधनं घातली असतील तर आधी कागदावर टिपून घ्या. मी एकदा न टिपता केलं, आणि फक्त वाचायला ठेवलेली एरिया सगळ्यांना लिहायला खुली झाली होती.

जुनामोडेम:
एक राहिलं. एसबीबीएस-इकोच्या (सिंक्रोनेटचा टपाल बांधणारा-सोडणारा प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये लिंक्ड नोड्समध्ये हबची नोंद उघडून लोकल ॲड्रेस बघा. पॅकेटच्या (संदेशांचा गठ्ठा असलेली फाइल) हेडरात कोणता पत्ता जातो ते तिथे पक्कं करता येतं. संदेश बरोबर आणि हेडर चुकीचं असलं तरी हब पॅकेट बाजूला टाकू शकतो. पाठवण्याआधी आउटबाउंडमधली (बाहेर जायच्या टपालाचा फोल्डर) फाइल पॅकेट-डम्प या प्रोग्रामने उघडून बघा, पत्ता स्वच्छ दिसतो. मी नवीन नेटवर्क जोडलं की पहिलं पॅकेट असं तपासल्याशिवाय सोडत नाही.

बेसमेंट९६००:
झालं! क्लोन केलं, हबच्या नोंदीत लोकल ॲड्रेस रिकामा होता तो भरला, पॅकेट उघडून पाहिलं: हेडरात २१:९/९०, ओरिजिनमध्ये एकच कंस. त्याच सिसॉपची नेटमेल सकाळी पोचली. फिडोच्या एरियात एक पोस्ट टाकून पाहिली, तिथे १:९९९/१० जसाच्या तसा.

शनिवारच्या चुकीच्या पत्त्याच्या चार पोस्ट मागे घेता येतील का?

जुनामोडेम:
नाही काका. त्या एव्हाना प्रत्येक नोडवर उतरल्यात, तुमच्याकडच्या पुसून उपयोग नाही. त्याच एरियात खरा पत्ता लिहून दोन ओळी टाका.

बेसमेंट९६००:
टाकल्या. ताई, मोडेमराव, मनापासून आभार.