नाक्यावरचं पोरगं
म्होरक्या गेला की टोळी संपली, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. मँड्रॅक्स या नशेच्या गोळ्यांच्या धंद्याशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो इक्बाल मिर्ची देश सोडून गेला, २०१३ साली लंडनमध्ये मेला. मुंबईतला माल थांबला का? गर्दचा धंदा होताच, पुढे एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचं रासायनिक ड्रग, आलं. ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं थेट फेब्रुवारी २०१५ मध्ये, तोवर विकणाऱ्यांनी हातपाय पसरले होते. आता ५० ग्रॅमच्या वर सापडलं तर किमान १० वर्षं. पण ग्रॅमभराच्या प्लास्टिक पुड्या खिशात घालून नाक्यावर उभं असतं ते वस्तीतलंच पोरगं, बऱ्याचदा स्वतःच नशेत अडकलेलं. आधी पकडलं जातं तेच. त्याला तुरुंगाआधी व्यसनमुक्ती केंद्रात खाट मिळायला हवी.