काड्यांचे पूल: मुलं गोंदच शिकतायत, बांधणी कशी शिकवू?

मंडळी, मदत हवी आहे.

सहावी-सातवीच्या मुलांकडून आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल करून घेतेय. दोन टेबलांमध्ये ४० सेंमी अंतर, पुलाच्या मध्याला बादली टांगायची आणि पूल मोडेपर्यंत तिच्यात वाळू ओतत राहायची. मुलं जाम खूश. अडचण अशी की काडी मोडून पूल पडतच नाही, दर वेळी सांधा सुटतो. मग मुलांचा निष्कर्ष एकच: पुढच्या वेळी गोंद जास्त! एका गटाने तर काड्या थरावर थर चिकटवून सरळ फळीच केली आणि सगळ्यांत जास्त वजन पेललं. नियमात बसत होतं, बोलणार काय?

त्रिकोण हलत नाही, चौकोन कलतो, हे पुठ्ठ्याच्या पट्ट्या पिनांनी जोडून मुलांनी पाहिलंय. पण पुलातली कुठली काडी ताणली जातेय आणि कुठली दाबली जातेय, ते गणित न घालता कसं दाखवू? आणि स्पर्धा ठेवू की काढून टाकू?

प्रतिसाद १

स्पर्धा ठेवा, मोजमाप बदला. पेललेलं वजन भागिले पुलाचं स्वतःचं वजन. ८० ग्रॅमच्या पुलाने ८ किलो पेललं तर गुण १००, २०० ग्रॅमच्या फळीने १२ किलो पेललं तरी ६०च. गोंदाचंही वजन होतं, त्यामुळे तोही आपोआप आटोक्यात येईल.

सांध्यात काड्या टोकाला टोक लावून चिकटवू देऊ नका. दीड-दोन सेंमी एकमेकींवर चढवायच्या, कपड्यांचे चिमटे लावायचे आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. सकाळी चिकटवून दुपारी बादली टांगली तर सांधा सुटणारच.

प्रतिसाद २

ताण-दाबासाठी दोरा वापरा. दोरा ओढ सोसतो, दाब अजिबात नाही. त्यामुळे काडीच्या जागी घट्ट दोरा बांधून पूल टिकला तर ती काडी ताणात होती, दोरा सैल पडून पूल खचला तर दाबात.

दोन पूल करायला सांगा. एकात तिरक्या काड्यांची खालची टोकं मध्याकडे (प्रॅट नावाची रचना, पेटंट १८४४), दुसऱ्यात वरची टोकं मध्याकडे (हाउ नावाची रचना, पेटंट १८४०). अगदी टोकाच्या काड्या सोडून बाकी सगळ्या तिरक्या काड्यांच्या जागी दोरे लावा. प्रॅट उभा राहील, हाउ बसेल. बादली टांगण्याआधी मुलांना अंदाज लिहून ठेवायला लावा, मजा त्यातच आहे.

धागाकर्ती

दोऱ्याची युक्ती झकास! याच आठवड्यात करते. आणखी एक विचारायचं राहिलं. काही पूल मोडायच्या आधीच बाजूला कलंडतात, वरची कड सापासारखी वाकते. गोंदाचा दोष नसावा ना?

प्रतिसाद ३

नाही, वरची कड दाबात असते. लांब आणि बारीक वस्तू टोकांकडून दाबली की चिरडण्याआधी बाजूला वाकते. एक पट्टी उभी धरून वरून दाबायला द्या, लगेच कळेल. मग तिला मधोमध बोटांनी आधार द्या. मोकळी लांबी निम्मी झाली की वाकायला चौपट जोर लागतो. पुलाच्या दोन्ही बाजू वरून आडव्या काड्यांनी जोडा, मध्ये फुलीसारख्या तिरक्या द्या. तोच आधार आहे.

हा खेळण्यातलाच प्रश्न नव्हे. कॅनडातला क्वेबेक पूल १९०७ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला, ७५ कामगार गेले. तिथेही दाबातलेच भाग वाकले होते.

बादली जमिनीपासून चार बोटंच वर ठेवा, मुलांना चष्मे द्या. आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. पहिल्यांदा काय गेलं यावर गटांची भांडणं होतात, ती चित्रण पाहून मिटतात.