सर्क्युलर म्हणजे कायदा का? हळदवाल्यांनी काय करायचं?

हळदकाठी_सांगली: मार्केट यार्डाजवळ आमचं हळद-चटणीचं छोटं पॅकिंग आहे, चार बायका आणि मी. मागं एका साहेबांनी सर्क्युलरवर बोट ठेवून सगळी लेबलं बाद केली, विचारलं कुठल्या कलमात आहे हे, तर म्हणाले वरून आलंय. 2000 पाउच फोडून पुन्हा भरली, बायका रात्री 11 पर्यंत बसल्या होत्या. 2006 च्या फूड सेफ्टी कायद्यात सरळ लिहिलंय की रेग्युलेशन, म्हणजे कायद्याखालचा नियम, करायचं तर मसुदा जाहीर करा, केंद्राची मंजुरी घ्या, मग संसदेपुढं ठेवा. नुसत्या अ‍ॅडव्हायजरीला, म्हणजे सर्क्युलरसारख्या सूचनेच्या कागदाला, कायद्याचं बळ नाही हे मुंबई हायकोर्टानं 2014 ला सांगितलं, 2015 ला सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं. धंद्याचा हक्क घटनेच्या कलम 19 मधला आहे, त्याला लगाम कायद्यानंच घालता येतो, वरून आलेल्या कागदानं नाही.

तासगावकरीण: नाही पटलं दादा. भेसळवाला मसुद्याची वाट बघतो का? हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट चोळतात, ते शिसं पोरांच्या मेंदूवर जातं. माझी लेक दोन वर्षांची, रोज रात्री हळद-दूध पिते.

हळदकाठी_सांगली: ताई, त्याला पकडायलाच पाहिजे, आणि त्यासाठी कायद्यात वाट आहे की. कलम 30 खाली फूड सेफ्टी कमिशनर एक वर्षापर्यंत बंदी घालू शकतो, 2012 ला गुटखा तसाच बंद झाला.

कोर्टवाला_सातारा: तिथंच तर माझं दुखणं आहे. कायदा म्हणतो एक वर्ष, आणि इथं वर्ष सरलं की नवी ऑर्डर. माझा मामा तोंडाच्या कॅन्सरनं गेला, गुटख्याची बाजू मी जन्मात घेणार नाही, पण बंदी कायमची हवी तर आमदारांनी सभागृहात हात वर करून करावी.

तासगावकरीण: आणि तोवर किती मामा जातील? कोर्टात दरवेळी लोकांचंच भलं होतं असंही नाही. कॉल ड्रॉप झाला की ग्राहकाला 1 रुपया, दिवसाला तीनदापर्यंत, असा नियम ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, केला होता, तो तर रीतसर रेग्युलेशन होता, तरी 2016 ला सुप्रीम कोर्टानं मनमानी ठरवून उडवला. कंपन्या सुटल्या, आपण बसलोय हॅलो हॅलो करत.

कोर्टवाला_सातारा: कारण चूक कुणाची ते न बघता सगळा दंड कंपनीवर टाकला होता. मॅगीचं बघा, 2015 ला बंदी आली, हायकोर्टानं म्हटलं कंपनीचं म्हणणंच ऐकलं नाही, नमुने पुन्हा तपासा. तपासले, पास झाले.

हळदकाठी_सांगली: एवढी मोठी कंपनी कोर्टात जाते हो, मी कुठं जाऊ? पुढच्या खेपेला साहेबांकडं कलम लेखी मागणार. आणि ताई, लेकीसाठी म्हणताय तर माझ्या हळदीचं सॅम्पल कधीही न्या, त्याला मी नाही म्हणणार नाही.